मुठीतलं पितळ

४ फेब्रुवारी

सुनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो, म्हणून कागदच बरा. तुला लिहितोय कारण काम तुझ्याच हातचं आहे. आमच्या साहेबांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, यातलं काही सांगायची गरज नाही. त्याला सांगितलं की तो लगेच चौकशी समिती नेमतो. ऑफिसात बसून बसून माझा मुलगा साहेब झाला, त्याला कोण काय करणार?

तुमच्या लग्नात तू मला घडीचा चाकू दिला होतास, तुझ्या वर्कशॉपमध्ये स्वतः बनवलेला. तो मी आजवर जपून ठेवला होता. नर्सरीत कलमाचे डोळे भरायला माझा जुनाच चाकू वापरत आलो. पण धार लावून लावून त्याचं पातं आता काडीएवढं उरलंय, म्हणून परवा तुझा काढला.

चाकू उत्तम आहे. पातं तर बघत राहावं असं. पण हातात फार हलका लागतो. धरलाय की नाही, कळतच नाही. मूठ जरा जड करता येईल का? महिनाभरात लिंबाचे डोळे भरायला सुरुवात होईल, त्याआधी झालं तर बरं.

अक्षर मोठं आलंय, कारण चष्म्याचा नंबर वाढलाय.

बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग वर्कशॉपमध्ये गेले आणि दिवसभर लेथवर राग काढला.

बाबा, तो चाकू हलका ‘लागत’ नाही. तो मुद्दाम हलका केलेला आहे. लग्न ठरल्यावर मी तुम्हाला भेटायला नर्सरीत आले होते, आठवतं? तुम्ही गुलाबाच्या काडीवरचा एक कोंब सालीसकट अलगद काढलात, दुसऱ्या रोपाच्या सालीत चीर देऊन तो आत सरकवलात, वरून पट्टी बांधलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “याला डोळा भरणं म्हणतात. चहा घेणार?” तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला असा चाकू द्यायचा की हातात आहे हे त्याला जाणवूच नये. लाकूड आतून कोरून कागदासारखं केलं. दोन मुठी त्यात फुटल्या. पातं जिच्यावर फिरतं ती पिन अशी घट्ट बसवली की उघडताना आवाज येऊ नये.

तुम्ही तो एकदा उघडलात, मिटलात, “छान आहे” म्हणालात आणि रुमालात गुंडाळून कपाटात टाकलात. त्यानंतर त्याची बातमी आत्ता आली, तीही तक्रारीसकट.

सासूबाई असत्या तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं की सुनेच्या कामात खोट काढायची तर निदान चार दिवस वापरून काढावी. त्या नाहीत, म्हणून मीच सांगते.

असो. करून देते. पण किती जड हवा ते नीट कळवा. ‘जरा’ हे माप आमच्या वर्कशॉपमध्ये चालत नाही.

तुमची सून

१५ फेब्रुवारी

सुनबाई,

आज अनेक आशीर्वाद नाहीत, एकच आहे. रागावलेल्या माणसाभोवती गर्दी नको.

चाकू कपाटात का राहिला ते ऐक. ही आमच्या घरची खोड. तुझ्या सासूबाईंनी चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी ठेवल्या आणि स्वतः जन्मभर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायल्या. मीही तसलाच. चांगला चाकू चांगल्या दिवसासाठी, असं म्हणत राहिलो. खोट काढायची असती तर तुलाच कशाला पाठवला असता? बाजारात काय चाकू मिळत नाहीत?

माप विचारलंस. हातात घेतला की हात गप्प बसला पाहिजे, एवढा जड. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे घाई का ते कळेल. गेल्या हंगामात मी भरलेले बरेच डोळे मेले. परवा नर्सरीच्या मालकीणबाई म्हणाल्या, “काका, यंदा तुमच्या मदतीला नवा माणूस बघू का?” मदतीला म्हणजे कशाला, हे न कळण्याइतका मी बहिरा नाही. मी म्हटलं, गेल्या वर्षी चाकू वाईट होता. यंदा माझ्या सुनेनं केलेला चाकू येतोय. लिंबाचा पहिला वाफा मी एकटा भरतो, तो बघा आणि मग काय ते बोला. त्या हो म्हणाल्या. तेव्हा माझी लाज आता तुझ्या लेथवर आहे.

रोपं घेऊन आमचा ट्रक दर आठवड्याला तुमच्या शहरात येतो. ड्रायव्हरबरोबर चाकू पाठवतोय. तो बडबड्या आहे, त्याला चहा दे पण बसवू नकोस.

बाबा

२२ फेब्रुवारी

ती. बाबा,

घ्या तुमचा जड चाकू. लाकूड काढून टाकलं आणि दोन्ही बाजूंना अख्खं पितळ बसवलं. पॉलिश असं केलंय की त्यात तोंड बघून दाढी करता येईल. आमच्या फोरमननं हातात घेऊन विचारलं, “हा चाकू आहे की बाजारातलं वजन?” आता हात गप्प नाही बसला तर त्याच्याशी तुम्हीच बोला.

मालकीणबाईंचं वाचून मात्र माझा राग गेला. तुमच्या जागी दुसऱ्याला बसवणार म्हणजे काय? वाफा चांगला होऊ दे.

इकडे साहेबांनी एक टुमणं लावलंय. बाबांना आता इकडेच आणायचं, आतली खोली त्यांना द्यायची. मी म्हटलं, त्यांना विचारलंस का? म्हणतो, विचारलं तर नाहीच म्हणतील, पुढच्या महिन्यात जाऊन घेऊनच येतो. एवढं काय झालंय विचारलं तर काही बोलत नाही. हट्टी कुणावर गेलाय ते मी लिहीत नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा, नाहीतर भांडणाची.

तुमची सून

१ मार्च

सुनबाईस आशीर्वाद.

चाकू पोचला. फार सुरेख. इथे सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.

आता पुढचं वाच, पण लेथवर राग काढू नकोस. सरावासाठी चार गुलाब भरायला बसलो. पहिला तासभर बरं जमलं. अगदी खरं सांगतो, बरं जमलं. मग मनगट भरून आलं आणि दुपारपर्यंत कोपरापर्यंत कळा यायला लागल्या. हात दमला की मग आणखीच, जाऊ दे. डोळे फाटायला लागले. डोळ्याची कड एकदा फाटली की तो दुसऱ्या सालीला धरत नाही, संपलं.

चूक तुझी नाही. मी मागितलं तेच तू दिलंस. हा चाकू परत पाठवतोय, सोबत माझा जुनाही. त्याची मूठ पाहून काही सुचलं तर बघ.

साहेबांना सांग, मी कुठेही येणार नाही. तिकडे येऊन करू काय? तुमच्या गॅलरीतल्या तीन कुंड्यांवर देखरेख?

बाबा

६ मार्च

बाबा,

दोन्ही चाकू समोर ठेवून लिहितेय.

जुन्याची मूठ बघ म्हणालात, बघितली. तिच्यावर कलमाला बांधायची पट्टी गुंडाळलेली होती, वेढ्यावर वेढे. मला वाटलं, लाकूड फुटलं असेल. सोडवली तर आत दोन्ही बाजूंना जाडजूड खिळे, शेजारी शेजारी बांधलेले. लाकूड धडधाकट, म्हणजे खिळे नुसते वजनासाठी. काढायचे विसरलात ना? पट्टीवर रक्ताचे डागही आहेत, एक नाही, बरेच.

ड्रायव्हरला चहा दिला, आणि बसवलाही. त्यानं सांगितलं, काका हल्ली पेला दोन्ही हातांनी धरतात.

मग तुमची पत्रं काढून पुन्हा पाहिली. चष्म्याचा नंबर वाढला की अक्षर मोठं होतं, बाबा. वाकडंतिकडं होत नाही.

तुमचा हात थरथरतो. मी विचारत नाहीये, सांगतेय.

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. हात थरथरतो याचा नाही. तुम्ही तिथे एकटे बसून चाकूला खिळे बांधत होता आणि मी इथे पितळ चमकवत बसले होते, याचा. जड कशासाठी हवाय ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही न विचारता नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं करत बसले. दोघंही सारखेच.

आता माझं ऐका. डॉक्टरकडे जायचं, याच आठवड्यात. साहेबांना मी काही सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. पण लवकर. नवऱ्यापासून गोष्टी लपवायची मला सवय नाही आणि ती लावून घ्यायची इच्छाही नाही.

चाकू माझ्याकडेच राहू दे. या वेळी नीट करते.

तुमची सून

११ मार्च

सुनबाई,

तुझं पत्र वाचून आधी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. मग खिळे काढायला विसरलो म्हणून स्वतःला. मग बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

हो, थरथरतो. गेल्या वर्षीच्या थंडीत सुरू झालं. आधी म्हटलं थंडीनं होतंय, मग म्हटलं चहानं होतंय. चहा सोडून पाहिला, काही फरक पडेना, तेव्हा पुन्हा सुरू केला. नुसता बसलो की हात शांत असतो. काही करायला गेलो की नाचतो. चाकू हलका असला की त्यालाही सोबत नाचवतो.

मला भीती वाटते. माझ्या वडिलांचंही हातापासूनच सुरू झालं होतं. ते शिंपी होते. आधी सुईत दोरा जाईना, मग बटण लागेना, शेवटी मी त्यांना चमच्यानं भरवत असे. ते तोंड उघडायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. साहेबानं मला भरवावं आणि मी असे डोळे मिटून घ्यावेत, हे मला नको आहे. म्हणून कुणाला बोललो नाही. बोललो नाही तर ते खरं होणार नाही, अशी काहीतरी माझी समजूत होती. वय वाढलं म्हणून अक्कल वाढतेच असं नाही.

आणि हे काम मला हवं आहे गं. घरी आहे कोण? सकाळी उठून जायला ते एक ठिकाण आहे. तिथे मला काका म्हणतात, पोचायला उशीर झाला तर फाटकाशी येऊन बघतात. ते गेलं तर मी सकाळी कशासाठी उठू?

शुक्रवारी डॉक्टरकडे जातो. ड्रायव्हरच नेणार आहे, त्याला तीच शिक्षा. वाफ्यातल्या रोपांची साल आता छान सुटायला लागली आहे, फार थांबता येणार नाही. चाकूचं बघ.

बाबा

१७ मार्च

ती. बाबा,

माझी चूक सापडली. जड म्हणजे वजन वाढवणं, एवढंच धरून मी सगळीकडे पितळ भरलं. ते वजन दिवसभर तुमच्या मनगटाला उचलावं लागलं आणि पात्यापर्यंत त्यातलं काही पोचलंच नाही.

आता मूठ पुन्हा लाकडाची आहे. मागचं टोक आतून पोकळ. पितळ फक्त पुढे, पिनेपाशी, तुमचा अंगठा आणि पहिलं बोट टेकतं तिथे. काट्यावर घातलात तर हा त्या पितळी ठोकळ्याच्या निम्माही भरणार नाही. पण हातात घेऊन बघा. जड वाटतो. पातं आपण होऊन खाली कामाकडे झुकतं आणि तिथेच राहतं. मूठ जाडही केलीय, म्हणजे बोटं आवळून धरावी लागणार नाहीत.

आता तपासायचं कसं? माझा हात तर थरथरत नाही. मग फुलवाल्याकडून गुलाबाच्या काड्या आणल्या, सगळ्यात जुनी, खडखडणारी मशीन सुरू केली, तिच्या अंगावर कोपर टेकवलं आणि साल काढायला घेतली. हात नुसता गदगदत होता. साध्या हलक्या चाकूनं सालीच्या चिंध्या झाल्या. यानं बऱ्या निघाल्या. अगदी सुबक नाही, पण मला कुठे येतंय तुमचं काम? फोरमन म्हणाला, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, सासऱ्यांचा हात करून बघतेय. तो जाताना दार लावून गेला.

सोबत एक पेन आहे. त्याच्याही टोकाला पितळेची नळी चढवलीय. आता चष्म्याच्या नंबराला मधे आणायचं नाही.

काल जेवताना साहेब म्हणाले, “बाबांची तुला सारखी पत्रं येतात, मला एक नाही.” मी विचारलं, तू त्यांना लिहितोस का? त्यावर त्यांनी नको असलेली भाजी वाढून घेतली. येत्या शनिवारी ते तिकडे निघालेत, मोठी बॅग काढून ठेवलीय. मी तोंड उघडलेलं नाही. बाबा, तुम्ही सांगा.

डॉक्टर काय म्हणाले ते का लिहिलं नाहीत? मी वाट बघतेय.

तुमची सून

३० मार्च

चि. सुनबाई, माझे पोरी,

हे तुझ्या पेनानं लिहितोय. ओळ बघ, सरळ आहे की नाही?

डॉक्टरांचं आधी. त्यांनी मला चालवलं, बोटं नाकाला लावायला सांगितली, कागदावर गोगलगायीसारखं गोल गोल काढून घेतलं. माझं चित्र पाहून मलाच हसू आलं. मी वडिलांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, ते दुखणं हे नव्हे. हा वयाबरोबर येणारा कंप आहे. पुरता जाणार नाही, गोळीनं कमी होईल, काम सोडायचं कारण नाही. बाहेर येऊन मी ड्रायव्हरला मिठी मारली. तो म्हणाला, “काका, सोडा, लोक बघतायत.”

चाकू आला त्याच दिवशी वाफ्यात बसलो. मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि पहिला डोळा काढला. हात थरथरत होता, पण चाकू त्याचं ऐकत नव्हता. साल अशी निघाली की मी ती उन्हात धरून बघितली. कड अखंड होती. पोरी, त्या वेळी तिथे कुणी नव्हतं म्हणून बरं.

शनिवारी साहेब आले. मी पाठमोरा बसलो होतो. तो मागे येऊन उभा राहिलाय हे या कानांना कुठलं कळायला! एक रोप भरून झालं, वळलो तर हा. मी झटकन हात पाठीमागे नेला. सवयच लागली होती.

तो म्हणाला, “नका लपवू, बाबा. मला माहीत आहे.”

“सुनबाईनं सांगितलं?”

“तिला माहीत आहे?” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग त्यानं सांगितलं. मागच्या खेपेला तो माझ्यासमोर होता तोवर मी चहाच्या कपाला हात लावला नाही. त्याला नवल वाटलं. उठून बाहेर गेला आणि दारातून बघितलं. मी दोन्ही हातांनी कप उचलला, तरी बशीत सांडला. तो म्हणाला, “तेव्हापासून मला झोप नाही. तुम्ही इथे एकटे, आणि मला सांगतही नाही. म्हणून म्हटलं उचलून घेऊनच जावं.” मीही मग डॉक्टरांचं, माझ्या वडिलांचं, खिळ्यांचं सगळं सांगून टाकलं. म्हणजे बघ, मी त्याच्यापासून लपवत होतो, तो माझ्यापासून लपवत होता आणि तू बिचारी आम्हा दोघांच्या मधे ओठ शिवून बसली होतीस. तू आमच्या घरात कशी टिकलीस हेच मला नवल आहे.

त्यानं चाकू हातात घेतला. म्हणाला, “जड आहे.” मी म्हटलं, जड नाही, जड वाटतो. कसा ते तुझ्या बायकोला विचार.

मग बाह्या दुमडून माझ्याशेजारी मातीत बसला. पट्टी बांधताना माझी बोटं अजून गोंधळ घालतात. मी डोळे भरत गेलो, तो बांधत गेला. शाळेत असताना रविवारी या कामाला बसवला की भोकाड पसरायचा. मला वाटलं विसरला असेल. पण नाही, खालून वर, कोंब मोकळा सोडून, बरोबर बांधत होता. रविवारी दुपारपर्यंत वाफा संपवला. त्याच्या मोठ्या बॅगेत मालकीणबाईंनी लिंबं भरून दिली. ती एव्हाना तुझ्या स्वयंपाकघरात असतील.

मालकीणबाई म्हणतात, पट्ट्या बांधायला हाताखाली माणूस देते. पण चाकू कुणाच्या हातात ठेवायचा, ते वाफा जगला की नाही ते बघून. त्यांचं बरोबर आहे.

ते कसं बघतात तुला सांगतो. डोळ्याखाली पानाचा नुसता देठ ठेवलेला असतो. तीनेक आठवड्यांनी त्याला हळूच बोट लावायचं. लावताच गळून पडला, तर डोळा जगला. सुकून चिकटून राहिला, तर मेला. आजवर हे बोट माझंच असे. पण यंदा माझ्या बोटाचा भरवसा नाही. देठ पडला तो डोळा जगला म्हणून पडला की माझ्या थरथरीचा धक्का लागून, हे मला कळणार नाही, आणि मी आनंदानं स्वतःला फसवून घेईन. म्हणून मी मालकीणबाईंना सांगितलंय, माझी सून येईल. तिचा हात स्थिर आहे आणि ती माझी भीड ठेवत नाही.

तोवर त्या वाफ्याला कुणी बोट लावायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली आहे. ये.

तुझे बाबा

२६ एप्रिल

ती. बाबा,

सुखरूप पोचले. तुम्ही दिलेलं लिंबाचं रोप मांडीवर घेऊन बसले होते, त्यामुळे गाडीत सगळ्यांनी मला खिडकीची जागा दिली.

तिथे असताना बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. पहिल्या रोपाशी मी वाकले तेव्हा मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि तुम्ही दूर कुंपणाकडे. माझं काळीज इतकं धडधडत होतं की मलाच वाटलं, आता माझा हात थरथरणार. बोट लावलं. देठ पडला. दुसरा पडला. तिसरा पडला नाही. मी पुन्हा बोट लावलं, तरी नाही. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण तुम्ही मला ज्यासाठी बोलावलं होतंत ते आठवलं. मी म्हटलं, “हा गेला, बाबा.” तुम्ही नुसतं “पुढे” म्हणालात. त्यानंतर असे थोडेच निघाले. बाकी सगळ्या वाफ्यात देठ टपाटप पडत गेले, आणि शेवटी शेवटी तर तुम्ही कुंपण सोडून माझ्या मागे येऊन उभे होता.

मालकीणबाई म्हणाल्या, “काका, दुसऱ्या वाफ्याला कधी बसताय?” तेव्हा तुम्ही हात धुवायला नळावर गेलात. हात स्वच्छच होते. मी बघितलं, पण तुमच्या मागे आले नाही.

साहेबांनी मला आतल्या खोलीत माझं एक छोटं लेथ ठेवायला परवानगी दिलीय. खोली तुमचीच, लेथ फक्त तुम्ही येईपर्यंत. आणि ते तुम्हाला पत्र लिहितायत. चार दिवस झाले, अजून ‘ती. बाबांस’ याच्यापुढे गेलेले नाहीत. धीर धरा.

निघताना तुम्ही चाकू हातात दिलात आणि म्हणालात, “पिन सैल झालीय, बघ जरा.” आज वर्कशॉपमध्ये उघडला. अंगठ्याखालचं पितळ काळपट झालंय. लाकडावर सालीच्या रसाचे डाग आहेत. धार लावून पातं अगदी किंचित झिजलंय. आणि पिन खरंच सैल आहे. इतकी वर्षं कपाटात रुमालात होता, तेव्हा ती मी बसवली तशीच घट्ट होती.

फोरमन डोकावला आणि म्हणाला, “एवढ्यात सैल? कच्चं काम दिसतंय.”

मी त्याला म्हटलं, “कच्चं नाही. माझ्या सासऱ्यांनी वापरलाय.”

नवी पिन बसवून या शुक्रवारच्या ट्रकनं पाठवतेय. पितळ मात्र पॉलिश केलेलं नाही.

तुमची सून